आठ जणींचा पुरावा

फक्त आठ रुग्णांवरून वैद्यकशास्त्रात काही ठरवता येतं का? बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील, आणि एरवी ते बरोबरही असेल. तरीही एप्रिल १९७१ मध्ये बोस्टनच्या तीन डॉक्टरांनी आठ तरुण मुलींच्या माहितीवर एक निबंध छापला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध नियामकांनी डॉक्टरांना कळवलं की डीईएस नावाची गोळी यापुढे गरोदर बायकांना देऊ नका.

त्या मुली १५ ते २२ वर्षांच्या होत्या. त्यांना योनीमार्गाचा एका दुर्मीळ प्रकारचा कर्करोग झाला होता. योनीमार्गाचा कर्करोग एरवी उतारवयात होतो. इतक्या कोवळ्या वयात, एकाच शहरात, थोड्याच वर्षांत इतक्या जणी कशा? त्यांच्यापैकी एकीच्या आईनंच डॉक्टरांना विचारलं, की मी गरोदरपणात घेतलेल्या गोळ्यांमुळे तर हे झालं नसेल? डॉक्टरांनी हा प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी प्रत्येक मुलीमागे चार निरोगी मुली शोधल्या. त्याच इस्पितळात, त्याच सुमारास जन्मलेल्या. मग सगळ्यांच्या आयांना तेच ते प्रश्न विचारले: धूम्रपान, क्ष-किरण, औषधं, आधीचे गर्भपात. आठपैकी सात आयांनी गरोदरपणात डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, घेतलं होतं. निरोगी मुलींच्या ३२ आयांपैकी एकीनंही घेतलं नव्हतं.

या गोष्टीचा आधीचा भाग सांगितला नाही तर ती अपुरी राहते. डीईएस हे प्रयोगशाळेत बनवलेलं संप्रेरक. १९४० च्या दशकात गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर बायकांना मोठ्या प्रमाणावर दिलं जाऊ लागलं. आधार काय? गोळी घेतलेल्या बायकांची बाळंतपणं नीट पार पडली, असे डॉक्टरांचे अहवाल. त्याच काळजीनं, त्याच देखरेखीखाली, पण गोळीविना ठेवलेल्या बायकांशी नीट तुलना त्या अहवालांत नव्हती. ती तुलना शिकागोच्या एका प्रसूती रुग्णालयात झाली. ८४० जणींना डीईएस आणि ८०६ जणींना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळतंय ते ना त्या बायकांना माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. १९५३ मध्ये निष्कर्ष छापून आला: गोळीचा काही उपयोग नाही. आणि तरी ती दिली जात राहिली, पुढची १८ वर्षं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे ‘संशोधनातून सिद्ध झालं आहे’ हे वाक्य. बातमीत, जाहिरातीत, आरोग्य खात्याच्या पत्रकात, डॉक्टरांच्या तोंडी आणि नातेवाइकांनी पुढे पाठवलेल्या निरोपांतही ते असतं. माझं म्हणणं असं, की अभ्यास कोणत्या प्रकारचा होता हे सांगितल्याशिवाय हे वाक्य सार्वजनिक ठिकाणी उच्चारणं हा बेजबाबदारपणा आहे, आणि तो आपण फार काळ खपवून घेतला आहे. डीईएसच्या बाजूचे सुरुवातीचे अहवाल ‘संशोधन’ होते. १९५३ ची चाचणीही संशोधन, १९७१ चा निबंधही संशोधन. तिघांना एकच नाव दिलं की कशावर विश्वास ठेवायचा हे कळायचा मार्गच बंद होतो.

यावर एक सोपा तोडगा पाठ्यपुस्तकांत असतो. पुराव्याचा पिरॅमिड. तळाशी एकेका रुग्णाचे वृत्तांत, मग रुग्णांच्या मालिका, त्यावर केस-कंट्रोल अभ्यास (आजारी आणि आजार नसलेले यांच्या भूतकाळाची तुलना), मग कोहॉर्ट (माणसांच्या एका गटाचा पुढे वर्षानुवर्षं ठेवलेला माग), मग यादृच्छिक चाचणी (औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवणारी) आणि शिखरावर सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा. नव्या विद्यार्थ्याला दिशा दाखवायला हे चित्र ठीक आहे, पण ते शब्दशः घेतलं की घात होतो. आता शिकागोच्या चाचणीचंच बघा. गोळीनं गर्भपात टळतो का, या प्रश्नाचं तिनं चोख उत्तर दिलं. पण पोटातल्या मुलीला वीस वर्षांनी कर्करोग होईल का, हे तिला सांगता आलं नसतं. डीईएसच्या संपर्कात आलेल्या मुलींपैकी साधारण हजारात एकीला हा कर्करोग झाला. गोळी घेतलेल्या ८४० जणींना मुली झाल्या असतील चारशेच्या आसपास. त्या चारशे जणींवर वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं असतं, तरी कदाचित एकही रुग्ण दिसली नसती. उलट बाजूनं गेलं, म्हणजे आधी आजारी मुली शोधल्या आणि मग मागे वळून पाहिलं, तेव्हा आठ जणी पुरल्या. पिरॅमिडमध्ये दोन पायऱ्या खालच्या असलेल्या पद्धतीनं ते काम केलं.

मुळात अडचण एकच आहे. औषध घेतलेल्या माणसाचं काय झालं ते दिसतं, पण त्याच माणसानं त्याच वेळी ते घेतलं नसतं तर काय झालं असतं, हे कधीच दिसत नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरा कोणीतरी उभा करावा लागतो. अभ्यासाचे सगळे प्रकार म्हणजे हा बदली माणूस निवडण्याच्या निरनिराळ्या रीती. निवड चुकली की आकडे कितीही मोठे असोत, उत्तर चुकतं.

केस-कंट्रोल अभ्यासात ही निवड सर्वांत नाजूक. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण घेतले आणि तितकेच दुसऱ्या आजारांचे. वय तेच, लिंग तेच. डॉल यांचा स्वतःचा संशय आधी रस्त्यांवरच्या डांबरावर होता. पण कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच सिगारेट न ओढलेले फक्त २ निघाले, तर तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. हाती येणारे आकडे पाहून डॉल यांनी अभ्यास संपायच्या आधीच सिगारेट सोडली. आता याच पद्धतीचा १९८१ चा एक अमेरिकी अभ्यास घ्या. कॉफी पिणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग जास्त होतो, असं त्यात दिसलं, आणि ते जगभर छापून आलं. चूक कुठे होती? तुलनेसाठी घेतलेले रुग्ण त्याच पोटाच्या डॉक्टरांकडचे होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी पोटाच्या तक्रारींमुळे कॉफी आधीच कमी केली होती. म्हणजे कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पीत नव्हते, तर बदली माणसंच नेहमीपेक्षा कमी पीत होती. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. एकच पद्धत दोन्हीकडे. एका ठिकाणी तिनं कोट्यवधी लोकांचं आयुष्य वाढवणारं ज्ञान दिलं, दुसऱ्या ठिकाणी नाहक घबराट पसरवली. नुसतं पद्धतीचं नाव कळून भागत नाही, ते यासाठी.

कोहॉर्ट अभ्यासात काळ सरळ वाहतो. आधी माणसं, मग वाट पाहणं. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनच्या सगळ्या डॉक्टरांना पत्र पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या, आणि उत्तर देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पुढे ५० वर्षं ठेवला गेला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं लवकर जातात, हे २००४ मध्ये छापलेलं उत्तर तिथून आलं. इतका धीर लागणारं काम मला शास्त्रातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक वाटतं. ज्यांनी पहिली पत्रं पाठवली, त्यांच्यापैकी हिल शेवटचा आकडा पाहायला हयात नव्हते.

पण या पद्धतीलाही एक मोठी ठेच लागली आहे, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेतल्या सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांचा माग ठेवणारा एक विख्यात अभ्यास १९७६ मध्ये सुरू झाला. पाळी गेल्यानंतर संप्रेरकाच्या गोळ्या घेणाऱ्या परिचारिकांमध्ये हृदयविकार न घेणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास दिसला. इतरही निरीक्षणांत तसंच दिसत होतं. मग हृदय जपण्यासाठी म्हणून लाखो बायकांना त्या गोळ्या दिल्या गेल्या. २००२ मध्ये मोठ्या यादृच्छिक चाचणीचा निकाल आला. १६,६०८ बायका, निम्म्यांना गोळी, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे निष्क्रिय गोळी. साडेआठ वर्षं चालायची ती चाचणी सरासरी ५.२ वर्षांतच थांबवावी लागली, कारण गोळीच्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला होता आणि हृदयविकारही कमी न होता थोडा जास्तच दिसत होता. मग परिचारिकांच्या आकड्यांत खोट होती का? खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण ज्या बायका आपणहून अशी गोळी मागतात त्या बहुधा जास्त शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या, डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या असतात. त्यांचं हृदय आधीच बरं असतं, आणि श्रेय गोळीला जातं. शिवाय परिचारिकांनी गोळी बहुतेक पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केली होती, तर चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं.

इथे गोष्ट संपत नाही. निकाल आला तसा बातम्यांचा धडाका सुरू झाला आणि पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांनीही रात्रीत गोळ्या बंद केल्या, ज्यांना पाळी जाताना होणाऱ्या तीव्र त्रासासाठी त्या खरोखर उपयोगी होत्या. चाचणीतली जोखीम प्रत्यक्षात किती होती? १०,००० बायकांनी वर्षभर गोळी घेतली तर स्तनाच्या कर्करोगाच्या ८ आणि हृदयविकाराच्या ७ जास्तीच्या घटना. हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण रात्रीत गोळी फेकून देण्याचाही नाही. ‘स्तनाच्या कर्करोगात २६ टक्क्यांनी वाढ’ असा मथळा छापणाऱ्यांनी हे दहा हजारांचं माप दिलं असतं आणि अभ्यास कोणत्या वयाच्या बायकांवर झाला हे सांगितलं असतं, तर प्रत्येकीला आपला निर्णय शांतपणे घेता आला असता.

आता चाचणीकडे येतो, कारण तिच्याबद्दल लोकांच्या मनात एक खरा, प्रामाणिक आक्षेप आहे. आजारी माणसाला औषध द्यायचं की नाही हे चिठ्ठी टाकून ठरवायचं? माणसं म्हणजे काय उंदीर आहेत? हा आक्षेप मी हलका मानत नाही. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी छापली गेली, तेव्हा तिची आखणी करणाऱ्या हिल यांच्याकडे याचं एक उत्तर होतं: औषध सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतंच. मग आवडीनिवडीनं वाटण्यापेक्षा बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी वाटणं जास्त न्यायाचं. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. चिठ्ठीचं खरं बळ हे, की ती कोणाचीच भीड ठेवत नाही. श्रीमंत, गरीब, धडधाकट, खंगलेला, सगळे दोन्ही बाजूंना सारखे विखुरतात. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊकच नाहीत, त्यासुद्धा.

पण औषध भरपूर असेल तर? तेव्हाचं उत्तर १९८९ मध्ये मिळालं, आणि ते फार महाग पडलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयात मधूनच जास्तीचे ठोके पडतात, आणि असे ठोके पडणारे जास्त दगावतात. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते ठोके थांबवत. मग ती दिली तर जीव वाचणारच, इतकं ते तर्काला पटत होतं. कित्येक डॉक्टरांना चाचणी करणंच अनैतिक वाटत होतं, कारण अर्ध्या रुग्णांना औषधापासून वंचित ठेवायचं. ती झाली, आणि सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण मेले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके थांबले होते, आणि माणसंही. चाचणी झाली नसती तर हे मृत्यू कोणाला दिसलेही नसते. हृदयाचा रुग्ण होता, गेला, असं म्हणून घरचे रडले असते आणि डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला तीच गोळी लिहून दिली असती. न तपासलेलं औषध सर्रास देणं हाही माणसांवरचा प्रयोगच आहे. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवत नाही, त्याला कोणाची संमती घेतलेली नसते आणि तो थांबवायची तारीख नसते.

२०२० च्या साथीत हे पुन्हा दिसलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन जगभर वाटलं जात होतं, तेव्हा ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं इस्पितळांतल्या हजारो रुग्णांना चिठ्ठीनं गटांत वाटलं आणि काही महिन्यांत सांगितलं, की इस्पितळात दाखल रुग्णांना याचा उपयोग नाही. त्याच चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. घाईच्या काळात चाचणीला वेळ नसतो, हा समज तिथे तरी खोटा ठरला.

पण चाचणी नसेल तर पुरावाच नाही, असं म्हणणाऱ्यांशीही मला तितकंच भांडायचं आहे. सिगारेट ओढायला लावण्याची चिठ्ठी कोणी कोणाला काढायला लावली नाही, लावूही नये. तंबाखूच्या कंपन्या मात्र दशकानुदशकं ‘हा नुसता आकड्यांचा संबंध आहे, कारण सिद्ध नाही’ याच वाक्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या. गरोदर बायकांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाबद्दल १९६१ च्या डिसेंबरात एका ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञाचं काही ओळींचं पत्र छापून आलं, आपल्याला बाळांत व्यंगं जास्त दिसताहेत, तुम्हालाही दिसतात का, एवढंच. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना झालेल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली गेली, आणि एड्सचा इतिहास तिथून लिहिला जातो. पिरॅमिडच्या अगदी तळाची ही दोन टिपणं. धोक्याची घंटा बहुतेक वेळा तिथेच वाजते.

कधीकधी तर चिठ्ठी परिस्थितीच टाकते. १८५४ च्या लंडनमध्ये दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. एका कंपनीनं पाणी उपसण्याची जागा थेम्स नदीवर वरच्या बाजूला, शहराच्या सांडपाण्यापासून लांब नेली होती. दुसरीनं नव्हती. जॉन स्नो या डॉक्टरांनी घराघरातल्या कॉलऱ्याच्या मृत्यूंची गणती केली: घाण पाण्याच्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. कॉलऱ्याचा जंतू कारण म्हणून मान्य व्हायला अजून कित्येक वर्षं होती.

एकाच वेळी घेतलेल्या पाहणीबद्दल फार लिहायला नको. किती लोकांना मधुमेह आहे, हे तिच्याइतकं चांगलं कोणी सांगत नाही. आधी काय आणि मग काय, हे मात्र तिला कळत नाही. उदास माणसं कमी चालतात की कमी चालणारी उदास होतात? पाहणीत दोन्ही एकाच क्षणी दिसतात, आणि तरीही ‘चालल्यानं नैराश्य दूर होतं’ असे मथळे तिच्याच जिवावर छापले जातात.

एकत्रित आढाव्यांचं महत्त्व सांगायला मी बाळांच्या झोपेचं उदाहरण घेतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळांना पालथं झोपवा, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत तज्ज्ञच देत होते, आणि तो १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत चालू राहिला. २००५ मध्ये काही संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र मांडले. पालथं झोपवल्यानं बाळ अचानक दगावण्याचा धोका वाढतो, हे १९७० पर्यंतच्या अभ्यासांवरूनच कळण्याजोगं होतं. कोणी ते एकत्र करून पाहिले नव्हते. त्यांच्या अंदाजानं तेव्हाच पाहिलं असतं तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून निदान ५०,००० बाळं वाचली असती. आढावा मात्र त्यात घातलेल्या अभ्यासांइतकाच चांगला असतो. फसलेल्या चाचण्या दडवून ठेवल्या तर उरलेल्यांचा आढावा कितीही काटेकोर असला तरी फसवाच होणार. म्हणून प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवली जावी आणि निकाल काहीही लागो, तो छापला जावा, ही मागणी डॉक्टरांइतकीच सामान्य माणसाचीही आहे. चाचणीत शरीर त्याचंच असतं.

मग आपण नेमकं काय मागायचं? आरोग्यावरच्या प्रत्येक बातमीत, जाहिरातीत आणि सरकारी सल्ल्यात चार गोष्टी पहिल्या परिच्छेदातच असाव्यात: अभ्यास कोणत्या प्रकारचा, कोणावर, तुलना कोणाशी, आणि फरक प्रत्यक्ष माणसांच्या मोजणीत किती. उंदरांवर झाला असेल तर मथळ्यातच ‘उंदीर’ हा शब्द हवा. वाचकांना हे जड जाईल, असं संपादक म्हणतात. मला ते पटत नाही. बोस्टनच्या त्या आईनं ‘मी घेतलेल्या गोळ्यांमुळे तर नाही?’ असं विचारलं, तेव्हा तिनं कुठला अभ्यासक्रम केलेला नव्हता. सामान्य माणूस योग्य प्रश्न विचारतो. उत्तर देणाऱ्यांनी त्याच्यापासून पद्धत लपवू नये, एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. त्या आठ जणींपैकी बहुतेकींचा जन्म १९४६ ते १९५१ मधला. १९५३ ची चाचणी सगळ्यांनी मानली असती, तरी त्या वाचल्या नसत्या. ती वाचवू शकत होती त्या त्यांच्यानंतर जन्मलेल्या, पुढच्या १८ वर्षांतल्या. १९५३ च्या चाचणीचा निबंध प्रसूतिशास्त्राच्या अमेरिकेतल्या अग्रगण्य नियतकालिकात छापला होता आणि वैद्यकीय ग्रंथालयांत ठेवलेला होता. डीईएसची गोळी त्या सगळ्या काळात लिहून दिली जात होती.